दीनानाथाचे ब्रीद

दीनानाथ, दीनबंधू, अनाथनाथ, पतितपावन, भक्तवत्सल ही मराठी संतांच्या ओठी सतत येणारी विठ्ठलाची नावे एकाच दिशेला बोट दाखवतात. देवाची थोरवी सांगायची तर त्याने विश्व निर्माण केले, सूर्यचंद्र फिरते ठेवले, असुरांचा संहार केला, असेही सांगता येते, आणि संस्कृत स्तोत्रांत ते भरपूर सांगितले गेले आहे. तेराव्या शतकापासून चंद्रभागेच्या वाळवंटात जी स्तुती गायली जाऊ लागली, तिने देवाचे मोठेपण मोजण्याचे माप बदलले. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी देव काय करतो, यावर तो किती मोठा हे ठरू लागले. हे माप कठोर आहे. विश्व कोणी निर्माण केले याचा पुरावा गावात कोणी मागत नाही. पण पोरक्या मुलाला कोणी जेवू घातले आणि कोणी हाकलले, हे सगळ्या गावाला दिसते. दीनांचा रक्षक म्हणून देवाची स्तुती करणारा माणूस देवाला उघड कसोटीवर उभे करतो आणि त्याच वेळी स्वतःही त्या कसोटीवर उभा राहतो. वारकरी परंपरेची ताकद या कसोटीत आहे. तिचे अपयशही याच कसोटीने मोजले पाहिजे.

पंढरीच्या दैवताचे रूपच या स्तुतीला साजेसे आहे. विठ्ठल कटीवर हात ठेवून विटेवर उभा आहे. त्याने शस्त्र उगारलेले नाही, त्याच्या पायाखाली कोणी पराभूत असुर नाही. पुंडलिकाची कथा सर्वांना ठाऊक आहे. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. या कथेत थकलेल्या माणसांची सेवा आधी येते, देवाचे आगतस्वागत नंतर, आणि देवाला हा क्रम मान्य आहे. दुर्बळाच्या सेवेसाठी ताटकळत राहणारा देव हीच ज्या संप्रदायाची मूळ कथा, तिथे स्तुतीचा रोख राजवैभवाकडे वळणे कठीण होते. त्या देवाला ‘विठाई’, ‘माउली’ म्हटले गेले तेही यामुळेच. राजा संरक्षण देतो त्याच्या बदल्यात सारा घेतो; आई काही घेत नाही.

या स्तुतीचे आरंभीचे स्वर ज्यांचे, ती मुले स्वतः निराधार होती. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही भावंडे संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची. आळंदीच्या समाजाने हे कुटुंब वाळीत टाकले. आईवडिलांनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केल्याचे परंपरा सांगते, आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मसभेपुढे उभे राहावे लागले. इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानेश्वर अवघे पंधरा वर्षांचे होते. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी जे मागणे मागितले त्यात स्वतःसाठी काही नाही आणि छळणाऱ्यांसाठी शिक्षाही नाही. दुष्टांचा नाश व्हावा असे ते म्हणत नाहीत. त्यांचे दुष्टपण जावे, असे म्हणतात. ज्याला समाजाने अंगणातही उभे केले नाही, त्याने सगळ्या भूतमात्रांसाठी कृपा मागावी, ही गोष्ट मराठी भाषेच्या वाट्याला आलेले मोठे भाग्य आहे.

संतांची स्तुती पोकळ कौतुकावर थांबत नाही, ती विशिष्ट रीतीने रचलेली असते. आधी दाखले येतात. मगरीने पाय धरलेला गजेंद्र, भर सभेत वस्त्र ओढले जाणारी द्रौपदी, बापाने छळलेला प्रल्हाद, सावत्र आईने मांडीवरून उठवलेला ध्रुव, फाटक्या वस्त्रात पोहे बांधून आलेला सुदामा, उष्टी बोरे देणारी शबरी: या सगळ्यांना देवाने सांभाळले. दाखल्यांची निवड पाहण्यासारखी आहे. लहान मूल, अपमानित स्त्री, भिकेला लागलेला ब्राह्मण, अरण्यातली भिल्लीण, आणि माणूसही नसलेला हत्ती. बळाने, धनाने किंवा वयाने दुबळे पडलेले कोण कोण असू शकते, याची जणू ही यादी आहे. दाखले झाले की मागणी येते. तू त्यांच्यासाठी धावलास, मग आमच्या वेळी का नाही? देवाने जे केले ते त्याचे ब्रीद ठरते, आणि ब्रीद एकदा मिरवले की पाळावे लागते. मोठ्या पराक्रमाची खूण म्हणून पायात तोडर घालण्याची जुनी रीत होती. संतांनी देवाच्या पायातही ब्रीदाचा तोडर पाहिला आणि त्याची आठवण त्याला वारंवार करून दिली.

यातूनच तक्रारीचा हक्क जन्मतो. नामदेव देवाशी हट्टी मुलासारखे भांडतात, जनाबाई त्याला रागाने शिव्याशाप देते, तुकोबा त्याला कृपण, ऋणको, वचन मोडणारा म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही निंदा वाटेल, पण ती स्तुतीचाच भाग आहे. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही. देवाला दीनानाथ म्हणणाऱ्या गरिबाला लाचार याचक समजणारे या भांडणाकडे डोळेझाक करतात. राजाच्या दरबारात, सावकाराच्या ओसरीवर, पाटलाच्या चावडीत ज्याला तोंड उघडता येत नव्हते, त्याला इथे सर्वांत मोठ्या सत्तेला जाब विचारता आला, आणि तो जाब टाळमृदंगाच्या साथीने चारचौघांत गाता आला. पुढे तो हजारोंनी तोंडपाठ केला. माणसाच्या मनात स्वतःच्या किमतीची जाणीव रुजायला एवढे पुष्कळ झाले.

जनाबाईचे उदाहरण या स्तुतीचा गाभा उलगडून दाखवते, म्हणून त्यापाशी थोडे थांबायला हवे. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि जन्मभर तिथे राबली. ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, धुणी, शेणगोवऱ्या ही तिची रोजची कामे, आणि तिच्या अभंगांतला देव याच कामांत भेटतो. तो जात्याचा खुंटा धरतो, केर भरून टाकतो, पाण्याची घागर आणतो, तिच्या केसांतला गुंता सोडवतो, उवाही काढतो. यापूर्वीच्या स्तोत्रांत देवाने हे कधी केले नव्हते. रक्षण म्हणजे शत्रूपासून सोडवणे, ही जुनी कल्पना होती. जनाबाईच्या जगात तिच्यावर चालून येणारा शत्रू नाही. तिला खाऊन टाकणारी गोष्ट आहे ती पहाटेपासूनचे न संपणारे काम आणि त्या कामातला एकटेपणा. म्हणून तिचा रक्षक तलवार घेऊन येत नाही. तो कामाला हात लावतो. रोज राबणाऱ्या बाईला संरक्षण म्हणजे काय हवे असते, याचे इतके नेमके उत्तर धर्मशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही.

जनाबाईच्या चरित्रातली पदकाची कथाही येथे महत्त्वाची आहे. देव रात्री जनीकडे आला आणि पहाटे घाईने परतताना तिची वाकळ पांघरून गेला, त्याचे पदक तिच्या खोपटात राहिले. सकाळी पुजाऱ्यांना देवाच्या अंगावर वाकळ दिसली, पदक दिसले नाही, आणि चोरीचा आळ थेट दासीवर आला. तिला सुळावर द्यायला नेले, पण सुळाचे पाणी झाले. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेतले सामाजिक निरीक्षण अचूक आहे: मोठ्या घरातली वस्तू हरवली की पहिला संशय मोलकरणीवर येतो. देव तिच्याकडे आला हीच गोष्ट तिच्यावरच्या आरोपाचे कारण ठरली. ही कथा सांगणाऱ्या समाजाला गरीब माणसाची नाजूक स्थिती पक्की ठाऊक होती, आणि देवाने कोणाची बाजू घ्यावी हेही त्याच्या मनात स्पष्ट होते.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेला असाच आधार मिळाला, पण तो अधिक दुःखद रीतीने. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या या मुलीने नाचगाण्याचा व्यवसाय नाकारला. बिदरच्या बादशहाने तिला नेण्यासाठी माणसे पाठवली तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी आश्रय घेतला आणि तिथेच प्राण सोडला, असे परंपरा मानते. तिच्यासाठी देव कोणा सैन्याशी लढला नाही. तिला राजाच्या हाती मात्र जाऊ दिले नाही, आणि देवळाच्या आवारात तिला कायमची जागा मिळाली. जिच्या जन्मामुळे तिच्याशी सोयरीक कोणी जोडली नसती, ती संतमालिकेत बसली.

त्याच मंगळवेढ्यातली दामाजीपंतांची कथा अन्नाची आहे. दामाजीपंत बिदरच्या सत्तेचे अंमलदार होते. भीषण दुष्काळात माणसे तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. बादशहाने त्यांना धरून आणण्याचा हुकूम काढला, आणि दामाजी बिदरला पोहोचण्याआधीच ‘विठू महार’ नावाच्या माणसाने धान्याची सगळी रक्कम दरबारात भरून पावती घेतली. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा विस्ताराने आली आणि कीर्तनांतून घरोघरी गेली. या कथेत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. भुकेल्याला अन्न देण्यासाठी कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला देव निर्दोष ठरवतो. आणि हे ऋण फेडायला तो महाराच्या रूपात, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन येतो. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले होते त्याच्या वेशात देव दरबारात शिरला, हे मराठी मुलखाने शतकानुशतके भक्तीने ऐकले. ऐकणाऱ्यांनी त्याच मुलखात महाराला देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही. या विसंगतीचे नाव चोखामेळा.

चोखोबा मंगळवेढ्याचे महार, नामदेवांचे शिष्य. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, हे सारे कुटुंबच अभंग रचणारे. चोखोबांच्या अभंगांत देवाची अपार ओढ आहे आणि त्याच देवाच्या दारात खाल्लेल्या माराचे दुःखही आहे. गावात मेलेली गुरे ओढण्याचे आणि वेठबिगारीचे काम त्यांच्या वाट्याला होते. मंगळवेढ्यात वेशीच्या तटाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून इ.स. १३३८ मध्ये चोखोबांचा अंत झाला. नामदेव तिथे गेले आणि ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी ओळखून पंढरपूरला आणली, असे परंपरा सांगते. महाद्वाराशी, आज ज्याला नामदेव पायरी म्हणतात तिच्यासमोर, चोखोबांची समाधी बांधली गेली. वारकरी त्या समाधीवर माथा टेकूनच आत जातात. पण चोखोबांच्या जातीची माणसे त्या समाधीपर्यंतच येऊ शकत. पुढे शेकडो वर्षे त्यांची वारी तिथे संपत असे.

चोखोबांच्या वाणीत दोन सूर आहेत आणि दोन्ही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजेत. एका सुरात आपला हीन जन्म मागच्या कर्माचे फळ असल्याचे ते मान्य करतात. दुसऱ्या सुरात विटाळाचा मूळ विचारच ते प्रश्नांकित करतात, कारण विटाळावाचून कोणाचाच देह घडत नाही. सोयराबाईने हा प्रश्न आणखी थेट विचारला. कर्ममेळ्याने तर देवालाच सुनावले: आम्हाला या जन्मात घातलेस आणि वर उष्टे खायला लावतोस, यात तुझे काय मोठेपण? या एका घरातल्या तीन माणसांच्या वाणीत कर्मफळाची समजूत हळूहळू विरत जाते आणि तिच्या जागी देवावरची जबाबदारी येते. दीनानाथ हे नाव ज्याने मनापासून घेतले त्याच्या मुलाला दैन्याचे समर्थन सहन होईनासे झाले, हा या स्तुतीच्या आतल्या तर्काचा परिणाम आहे.

तरीही या परंपरेवरचा मुख्य आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो हलका नाही. गरिबांचा रक्षक देव आहे, असे गात राहिले की गरिबाचे रक्षण माणसाने करायचे राहून जाते. देवाघरी सगळे सारखे, या समाधानात गावातली उतरंड तशीच टिकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा आक्षेप सर्वांत धारदार शब्दांत मांडला. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि १९३६ साली छापलेले त्यांचे भाषण प्रसिद्ध आहे. त्याच्या पुढच्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना त्यांनी संतांविषयी दोन मुद्दे मांडले. एक, संतांनी माणसे देवापुढे समान असल्याचे सांगितले, माणसामाणसांतल्या समतेसाठी ते लढले नाहीत. दोन, संताने जात मोडली तर चालते, सामान्याने मोडता कामा नये, असेच लोकांना शिकवले गेले. त्यामुळे संत पूजेचा विषय झाला, अनुकरणाचा झाला नाही. दुसरा मुद्दा पहिल्याहून अधिक खोल आहे. चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवून महाराला बाहेर ठेवणाऱ्या व्यवहाराचे तेच खरे निदान आहे.

हे लिहिणारे बाबासाहेब संतांना परके नव्हते. त्यांचे वडील कबीरपंथी होते. १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला १९४८ चा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीनानाथाच्या स्तुतीला समाजाने दिलेल्या उत्तराची ही फलश्रुती होती. धर्मांतरित समाजाने चोखोबांना मागे ठेवले, याबद्दल त्या समाजाला दोष देण्याचा हक्क दार बंद ठेवणाऱ्यांना नाही.

महात्मा फुल्यांची भूमिका वेगळ्या बाजूने याच मुद्द्यावर येते. त्यांनी ईश्वराला ‘निर्मीक’ म्हटले आणि त्याची स्तुती नाकारली नाही. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्कांसह निर्माण केल्याचे सांगितले आणि मधल्या दलालांना रजा दिली. त्यांच्या विचाराचे सार असे की निर्मिकाला फुले आणि नैवेद्य लागत नाहीत. त्याच्या लेकरांशी न्यायाने वागणे हाच त्याचा गौरव. हे म्हणणे वारकरी स्तुतीच्या विरोधात नाही. त्या स्तुतीत जे गृहीत होते ते फुल्यांनी आज्ञेच्या रूपात मांडले.

आक्षेप मान्य केला तरी एक प्रश्न उरतो: या स्तुतीने माणसांना कधी कृतीला बांधले का? बांधले, आणि त्याचे दाखले ठोस आहेत. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धासाठी शिजवलेले अन्न पितृस्थानी बसणाऱ्या ब्राह्मणांच्या आधी भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला वाढले. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारे महाराचे मूल त्यांनी कडेवर उचलून घेतले आणि रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. या कथांत एकच हिशेब आहे: देवाला द्यायचे ते समोरच्या गरजवंताला दिले की देवाला पोहोचते. गावाने या हिशेबाची किंमत नाथांकडून वसूल केली; श्राद्धाला ब्राह्मण आले नाहीत.

तुकोबांचे उदाहरण याहून अधिक थेट आर्थिक आहे. देहूचे मोरे घराणे महाजनकी आणि सावकारी करणारे. १६३० च्या सुमारास दख्खनवर पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा अन्नावाचून गेले, व्यापार बुडाला. यानंतर वडिलोपार्जित कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची त्याला देऊन टाकली. देवाला अनाथांचा नाथ म्हणणाऱ्या माणसाने अनाथांना आपल्या ऋणातून सोडवले. गांजलेल्यांना जो आपले म्हणतो तोच साधू आणि देव त्याच्यापाशीच, हा तुकोबांचा सर्वांत प्रसिद्ध विचार महाराष्ट्रात शाळेपासून शिकवला जातो. तो ज्या हातांनी लिहिला त्या हातांनी आधी खते पाण्यात सोडली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अभंगाला वजन आले ते त्या कागदांमुळे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हीच स्तुती दुसऱ्या धर्माच्या भाषेतही महाराष्ट्रात कृतीला उतरली. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या पंडिता रमाबाई १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, पोरक्या मुली आणि विधवा यांना आणून पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला. बायबलमधल्या स्तोत्रांत देव पितृहीनांचा पिता आणि विधवांचा कैवारी म्हणून गौरवलेला आहे. रमाबाईंनी त्या गौरवाचा अर्थ निवारा, छापखाना, शेती आणि शिक्षण असा लावला. आयुष्याच्या शेवटी त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर पुरे केले, तेही या मुलींसारख्या साध्या वाचकांना कळावे म्हणून. त्यांचे धर्मांतर त्या काळी फार बोचले, आजही कोणाला बोचते. पण दीनानाथाच्या ब्रीदाला मराठी मुलखात एवढ्या थेटपणे कामाला लावणारी उदाहरणे थोडीच आहेत.

गाडगेबाबा वारकरी कीर्तनाच्या चौकटीतच राहिले आणि तिचा कल त्यांनी बदलला. अमरावती जिल्ह्यातल्या परीट कुटुंबात १८७६ साली जन्मलेला हा माणूस हातात खराटा घेऊन गावे झाडत फिरला, रात्री कीर्तन करत राहिला. कीर्तनात तो श्रोत्यांना प्रश्न विचारी आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढी. मिळालेल्या पैशातून त्याने मंदिर बांधले नाही. धर्मशाळा, घाट, शाळा, पाणपोया बांधल्या. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती, तिथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. देवाच्या नावाने बांधलेली वास्तू देव सोडून जाणाऱ्या माणसाच्या शिक्षणसंस्थेला देण्यात गाडगेबाबांना काही अवघड वाटले नाही. दीनांचे रक्षण होत असेल तर ते कोणाच्या झेंड्याखाली होते, हा प्रश्न त्यांच्या लेखी नव्हता.

१९४७ मध्ये पंढरपूरचे दारही उघडले. साने गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले, सही करणाऱ्या आणि पाठिंबा देणाऱ्या सामान्य माणसांची फळी उभी केली आणि मेच्या आरंभी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी मंदिर हरिजनांना खुले करण्याचे मान्य झाले. गुरुजींचा युक्तिवाद साधा होता: पंढरीचा पांडुरंग महाराष्ट्राचे हृदय आहे, ते हृदय बंद असेल तर स्वराज्याला अर्थ नाही. गुरुजी परंपरेच्या बाहेरचे सुधारक नव्हते. ते ती मनोभावे मानणारे होते. परंपरेने देवाला दिलेले नावच त्यांनी परंपरेपुढे धरले. स्तुतीतून कृती निघते की नाही या प्रश्नाला यापेक्षा स्वच्छ उत्तर नाही, आणि ही कृती किती उशिरा निघाली याचाही यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही.

दार उघडल्यावर गाभारा उरला. पूजेचे आणि उत्पन्नाचे वंशपरंपरागत हक्क बडवे आणि उत्पात घराण्यांकडे होते. १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याने ते संपवले, त्यावर दीर्घ न्यायालयीन लढा चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल लागला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या आणि स्त्री उमेदवारांचेही अर्ज मागवले.

चोखोबांच्या मृत्यूपासून १९४७ मध्ये उघडलेल्या दारापर्यंत, त्यांच्या माणसांना देवाकडे पोहोचायला सहाशे नऊ वर्षे लागली. हा विलंब देवाच्या नावावर टाकता येत नाही. तो त्यांचा आहे, ज्यांनी देवाला रोज दीनानाथ म्हटले आणि दीनाला पायरीखाली ठेवले. आजही गावोगावच्या सप्ताहांत चोखोबांचे आख्यान लागते, भिंत पडते, हाडांतून विठ्ठलनाम उमटते आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात. कीर्तनकारांनी ते आख्यान समाधीपाशी थांबवू नये. त्यापुढची सहाशे नऊ वर्षे, काळारामाचे बंद दार, नागपूरची दीक्षा आणि साने गुरुजींचे दहा दिवसही त्यांनी त्याच कीर्तनात सांगावेत.